पालीसाठी अडीचशेची नोकरी सोडणारे धर्मानंद



बारावीचा निकाल लागला की शिरूर आणि दौंड या आपल्या दोन्ही तालुक्यांतील वस्त्यांमधून एकच विषय चालतो. मुलाला आय.टी.आय.ला घालून रांजणगावच्या कारखान्यात चिकटवावे, की कुरकुंभला कोणाची ओळख निघते ते पाहावे, की पोलीस भरतीसाठी त्याने पहाटे उठून मैदानावर धावावे? मुलगी असेल तर नर्सिंग, नाहीतर डी.एड. घरोघर हाच हिशेब. अशा घरात एखाद्या मुलाने वा मुलीने सांगितले, की मला पाली घेऊन शिकायचे आहे, भगवान बुद्धांचा धम्म विद्यापीठात जाऊन अभ्यासायचा आहे, तर सगळे गप्प होतात. मग आजी विचारते, चीवर घालून घर सोडणार आहेस काय? आणि वडील विचारतात, याला पगार किती?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या होत्या आणि पोथ्यांच्या जोडीला शेतजमीन होती, त्यांना शिक्षणाचा पगार विचारावा लागला नाही. आपल्याला विचारावा लागतो. माझ्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच, त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. पण ज्या माणसाने महाराष्ट्रात पालीचा अभ्यास विद्यापीठाच्या दारातून आत नेला, त्याच्याही पुढे हेच दोन प्रश्न याच क्रमाने आले होते. आधी घर सुटले, चीवर अंगावर आले, आणि नंतर पगाराचा प्रश्न उभा राहिला. त्यांचे नाव आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ असेल. तो ज्यांनी लिहिला ते कसे जगले, हे आपल्या मुलांना माहीत असावे म्हणून हा लेख.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. कुटुंब गौड सारस्वत ब्राह्मण, नारळाच्या बागायतीवर चालणारे. खाऊनपिऊन बरे, पण श्रीमंत नव्हे. शाळा म्हणाल तर थोडेसे मराठी शिक्षण, तेही धड नाही. इंग्रजी नाही, मॅट्रिक तर नाहीच. त्या काळच्या रीतीप्रमाणे पंधरा वर्षांच्या आसपास लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. पुढे हा माणूस अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात बसून काम करणार आहे असे त्या वेळी कोणी म्हटले असते, तर ऐकणाऱ्याने हसून मान फिरवली असती.

१८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचे छोटेसे चरित्र वाचले. मोठा ग्रंथ नव्हे, मुलांसाठी लिहिलेली चार पाने. पण ती त्यांच्या मनात रुतून बसली. बागायतीचे काम पाहावे आणि मन मात्र बुद्धाकडे लागलेले, अशी दोन वर्षे गेली. १८९८ मध्ये वडील वारले. १८९९ मध्ये मुलगी झाली, तिचे नाव माणिक. मूल तान्हे असतानाच, त्या वर्षाच्या अखेरीस, धर्मानंदांनी घर सोडले आणि ते पुण्याला आले.

वाचकहो, अशा चरित्रांत गृहत्यागाचे वर्णन नेहमी मोठ्या गौरवाने केले जाते. मला मात्र इथे बाळाबाईंचे नाव आधी घ्यावेसे वाटते. पती कुठे आहे, जिवंत आहे की नाही, याची धड बातमी नाही. पदरात तान्ही मुलगी. आणि गोव्याच्या खेड्यात लोकांची तोंडे. महाराष्ट्राला पालीचा पंडित मिळाला, त्याची पहिली किंमत या बाईने मोजली. तिने धम्माची दीक्षा घेतली नव्हती आणि कोणी तिला विचारलेही नव्हते. धर्मानंदांची विद्वत्ता मी मनापासून मानते, पण आमच्या मुलांनी अभ्यास करताना त्यांचा हा भाग गिरवावा असे मी सांगणार नाही.

बुद्धाचे ग्रंथ वाचायचे तर संस्कृत आले पाहिजे, अशी त्यांची समजूत होती. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली, संस्कृतचे थोडे पाठही झाले, पण राहण्याजेवण्याची नीट सोय होईना. मग उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर असे करीत ते काशीला पोचले. काशीत गंगाधरशास्त्री तेलंग यांच्याकडे त्यांनी संस्कृत व्याकरणाचे अध्ययन केले. पोट भरत होते ते अन्नछत्रावर.

इथे थोडे थांबू या. काशीच्या त्या पंगतीत बसायचे तर जातीने ब्राह्मण असावे लागे. धर्मानंदांकडे पैसा नव्हता, पण हा परवाना जन्मानेच होता. ते काशीत होते त्याच काळात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. त्या मुलाला पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते शिकवायला नकार मिळाला आणि त्याला पर्शियन भाषा घ्यावी लागली. एकाच भाषेच्या दोन दारांवर दोन गरीब मुलगे उभे होते. एकाला आत जेवणासकट जागा मिळाली, दुसऱ्याला दार लावले गेले. धर्मानंदांचे कष्ट यामुळे खोटे ठरत नाहीत. पण कष्ट केले की सगळे मिळते, असे मुलांना सांगताना ही पंगतही सांगावी.

काशीत संस्कृत आले, परंतु बुद्ध काही भेटला नाही. १९०२ मध्ये ते नेपाळात गेले. तिथे बौद्ध धर्म जिवंत असेल अशी आशा होती, पण तिथली अवस्था पाहून मन खट्टू झाले. तिथून बुद्धगया, तिथून कलकत्त्याची महाबोधी सभा, आणि त्या सभेच्या मदतीने बोटीने सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांचा पालीचा अभ्यास सुरू झाला. तिथेच ते श्रामणेर झाले. आज आपण तिपिटक देवनागरीत छापलेले पाहतो, तेव्हा त्यातले कष्ट ध्यानात येत नाहीत. त्या वेळी पाली शिकायची तर आधी सिंहली अक्षरे गिरवावी लागत. पंचवीस-सव्वीस वर्षांचा बाप्या माणूस पुन्हा मुळाक्षरांपासून बसला.

लंकेचे हवापाणी आणि जेवण मानवेना म्हणून ते मद्रासला आले. तिथे सिंगारवेलू, प्राध्यापक लक्ष्मी नरसू अशी बौद्ध विचारांची मंडळी होती. याच नरसूंच्या बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथाची पुढची आवृत्ती १९४८ मध्ये निघाली, तेव्हा तिला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. म्हणजे ही नाती किती आधीपासून विणली जात होती पाहा. मद्रासनंतर धर्मानंद ब्रह्मदेशात गेले. तिथे ध्यानाचा अभ्यास केला आणि तिथल्या लिपीतले ग्रंथ वाचायला शिकले. मग भारतात परतून बुद्धाच्या पावलांनी पावन झालेल्या ठिकाणी हिंडले. या साऱ्या भटकंतीत अंगावर चीवर, हातात भिक्षापात्र, आणि शिकण्याची फी शून्य. संघाने त्यांना शिकवले. विद्यार्थ्याला जेवू घालून शिकवणारी ही संस्था बुद्धाच्या देशात नाहीशी झाली आणि लंकेत, ब्रह्मदेशात मात्र टिकली, याचा विचार आपण विहार बांधताना जरूर करावा.

१९०६ साली कलकत्त्यात त्यांनी चीवर उतरवले. पाली शिकवायची, लोकांत मिसळून काम करायचे, तर गृहस्थाश्रमात परतावे असे त्यांनी ठरवले. आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. पाली शिकणे म्हणजे भिक्खू होणे नव्हे. आणि भिक्खू होऊन परत गृहस्थ होणे यात बौद्ध परंपरेत काळिमा लागत नाही. बाळाबाईंशी आणि मुलीशी तुटलेला संसार पुन्हा जुळला. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला. तो म्हणजे पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर नाव झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात धर्मानंदांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. हातात एकही प्रमाणपत्र नाही, तरीही. कारण पाली जाणणारे लोक देशात बोटांवर मोजण्याइतके होते. विद्यापीठाचा पगार महिना अडीचशे रुपयांपर्यंत जाणार होता. त्या काळचे अडीचशे म्हणजे साहेबी थाटाची मिळकत! घर सोडून सात वर्षे वणवण केलेल्या, बायकामुले असलेल्या माणसाने ती डोळे मिटून घेतली असती तर कोणी नाव ठेवले नसते.

पण त्यांना महाराष्ट्रात काम करायचे होते. आपल्या भाषेत, आपल्या लोकांत बुद्ध पोचावा ही तळमळ होती आणि इथे पालीची एकही जागा नव्हती. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी गाठ पडली. महाराजांनी देऊ केले महिना पन्नास रुपये. अट अशी की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहावे आणि वर्षाकाठी एक पुस्तक लिहून द्यावे. १९०८ मध्ये धर्मानंदांनी अडीचशे सोडून पन्नास घेतले.

हे वाचून पुष्कळ वडीलधाऱ्यांना वाटेल की हा शुद्ध वेडेपणा. हिशेबाने तो वेडेपणाच होता. पाचातला एक भाग घेऊन चार सोडायचे, हे आपल्या घरात चालले नसते. मी स्वतः महिन्याच्या पगारावर घर चालवते, मला ते जमले नसते. पण त्या पन्नास रुपयांनी काय घडले तेही मोजले पाहिजे. १९१० मध्ये त्यांनी बडोद्यात दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने पुस्तकरूपाने आली. मराठी माणसाला मूळ पालीच्या आधाराने बुद्ध सांगणारे पुस्तक प्रथमच हाती आले. पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आले, जातककथा आल्या, ‘समाधिमार्ग’ आले, ‘बौद्धसंघाचा परिचय’ आले. आणि सयाजीरावांचा हात एवढ्यावर थांबला नाही. १९१३ साली याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. एकाच तिजोरीतून निघालेल्या पैशाने एकीकडे बुद्ध मराठीत आणला आणि दुसरीकडे बुद्धाकडे नेणारा माणूस शिकवला. महाराजांना तरी याची कल्पना असेल का, कोण जाणे.

मुंबईत असताना हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची भेट झाली. त्यांना पाली शिकायची होती. त्यांच्या खटपटीने १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले. तिथे ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे काम अडून राहिले होते. हा ग्रंथ पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी लंकेत रचला. शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा तो मोठा कोशच म्हणावा. वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने त्याच्या शुद्ध प्रतीचे काम सुरू केले होते, पण ते १८९९ मध्येच वारले. ब्रह्मदेशी आणि सिंहली अक्षरांतल्या पोथ्या ताडून पाहील असा माणूस हवा होता. साखवाळच्या बागायतीतला, मॅट्रिक न झालेला धर्मानंद तो निघाला. पण ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे यावरून तिथले प्राध्यापक लॅनमन यांच्याशी खटका उडाला. राबणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, हे त्यांनी मानले नाही. १९१२ मध्ये ते परत आले. या कामासाठी पुढे ते आणखी तीनदा अमेरिकेला जाऊन आले, तरी ग्रंथ तिथे छापून निघाला तो १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे मात्र भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच त्यांची देवनागरी प्रत काढली होती.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली सर्वांत फलदायी वर्षे हीच. डॉ. भांडारकरांसारख्यांच्या प्रयत्नांनी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली होती. ती जागा धर्मानंदांनी माणसांनी भरली. त्यांचे विद्यार्थी पाहा. पु. वि. बापट पुढे स्वतः हार्वर्डला जाऊन आले, फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले, आणि १९५७ मध्ये दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययनाचा विभाग निघाला तेव्हा तिथले प्राध्यापक झाले. ना. के. भागवतांनी मुंबई विद्यापीठासाठी पाली ग्रंथ देवनागरीत संपादित केले. चिं. वै. राजवाडे बडोद्याला गेले आणि त्यांनी दीघनिकाय मराठीत आणला. या साऱ्यांचे संसार पालीवर चालले. ज्या विषयाला महाराष्ट्रात एकही जागा नव्हती, त्यात एका माणसाने पन्नास रुपयांवर पाय रोवला म्हणून पुढच्या पिढीला नोकऱ्या निघाल्या. मात्र हेही पाहा की या पहिल्या यादीत आपल्या वस्तीतले एकही नाव नाही. असणार कसे? १९१२ साली आपल्या किती मुलांनी कॉलेजची पायरी पाहिली होती?

त्यानंतरच्या हिंडण्याची जंत्री लांब आहे. १९२२ पासून तीन वर्षे ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात होते, १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला गेले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. कन्या माणिक आणि पुत्र दामोदर दोघांनाही त्यांनी अमेरिकेत शिकवले, हे मुद्दाम सांगते. मुलगी म्हणून तिला मागे ठेवले नाही. पण मला अधिक बोलायचे आहे ते परळच्या बहुजन विहाराबद्दल.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबईच्या गिरणगावात परळ येथे धर्मानंदांनी बहुजन विहार उभा केला. पैसा बिर्लांनी दिला. कामगारांसाठी आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठी तो विहार होता. म्हणजे विद्यापीठातली पाली वस्तीत आणावी, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला होता. पण १९३९ च्या सुमारास ते तिथून बाहेर पडले. शेठजींच्या पैशाने बांधलेल्या विहारात, कोणालाही न जुमानता लिहिणाऱ्या माणसाचे बस्तान बसणे कठीणच होते. आणि आपली माणसे? आपली माणसे तेव्हा बाबासाहेबांच्या शब्दाची वाट पाहत होती. कोणा ब्राह्मण पंडिताच्या हाकेवर ती कशी जाणार? यात मी कोणालाही दोष देत नाही.

१९४०-४१ मध्ये ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ दोन भागांत आला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राला तोवर म्हातारा माणूसच दिसला नव्हता, हे धर्मानंदांना पटले नाही. त्यांनी सुत्तनिपातातल्या अत्तदण्डसुत्ताकडे बोट दाखवले, आणि शाक्य व कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून चाललेल्या भांडणाकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आपण वाचता. त्यातही चार दृश्यांची कथा नाकारून रोहिणीच्या पाण्याचाच प्रसंग गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला आहे. बाबासाहेबांनी त्याला संघाची सभा, बहुमत आणि एकट्याचा विरोध असे तेजस्वी रूप दिले, ते त्यांचेच. पण मूळ पाली वाचता आली म्हणून जुन्या कथेला प्रश्न विचारता आला. पाली शिकण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी हेच उदाहरण देते. भाषा येत नसेल तर कोणी भटजी सांगेल ते किंवा कोणी भंते सांगतील ते ऐकून घ्यावे लागते. भाषा येत असेल तर स्वतः उघडून पाहता येते.

शेवटची वर्षे मधुमेहाने आणि त्वचेच्या रोगाने जर्जर झालेली. आपले काम संपले, आता दुसऱ्यांवर भार नको, अशा विचाराने त्यांनी अन्नत्याग केला. गांधीजींच्या सांगण्यावरून एकदा तो सोडला, पण नंतर सेवाग्रामच्या आश्रमात पुन्हा अन्न बंद केले आणि जून १९४७ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. सेवाग्रामचे नाव वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल. १९३२ चा पुणे करार आपण विसरलेलो नाही. धर्मानंद गांधीजींच्या गोटात होते, हे लपवण्याचे कारण नाही. त्यांचे राजकारण आपले नव्हते; त्यांनी उघडून दिलेली पाली मात्र आपली आहे. अंत्यविधीवर कमीत कमी खर्च व्हावा आणि पाली शिकण्यासाठी विद्यार्थी लंकेला पाठवावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्यानंतर नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो माणसे बुद्धाला शरण गेली. ती पाहायला ते नव्हते.

आता आपल्या घरचा हिशेब. कोणी गोड बोलून फसवू नये म्हणून स्पष्ट लिहिते. पालीच्या प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या आहेत. पुष्कळ जण एम.ए. करून तासिका तत्त्वावर शिकवतात, आणि तासिकेच्या पैशात घर चालत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत पाली वाङ्मय हा ऐच्छिक विषय होता, तो २०१३ मध्ये वगळला गेला. ती एक वाट बंद झाली. अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी पाठवणाऱ्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचे नियम २०२२ मध्ये बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास असे विषय त्यातून काढले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पालीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. पण दर्जा मिळाला म्हणजे जागा निघाल्या असे नव्हे.

तरी दारे आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. तिथे प्रमाणपत्रापासून एम.ए. आणि पुढे संशोधनापर्यंत शिकता येते. मुंबई आणि नागपूर विद्यापीठांतही सोय आहे. बिहारमध्ये नव नालंदा महाविहार आहे, लंकेत केलनिया विद्यापीठ आहे. नेट परीक्षेला पाली हा स्वतंत्र विषय आहे. ती वरच्या गुणांनी निघाली तर संशोधनासाठी दरमहा विद्यावृत्ती मिळते. पुण्याची बार्टी संस्थाही पीएच.डी. करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देते. १९९० च्या कायदा दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या केंद्रातील सवलती कायम राहिल्या आहेत, तेव्हा नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांनी अर्जावर धर्म लिहिताना घाबरू नये. फक्त जातीचे दाखले आधी नीट करून घ्यावेत. पालीच्या जोडीला इतिहास किंवा पुरातत्त्व घेतले तर लेणी, शिलालेख, संग्रहालये यांकडे वळता येते, आणि आपल्या पुणे जिल्ह्यात जुन्नर, कार्ले, भाजे यांची काय कमी आहे! बी.एड. केले तर शाळेचा मार्ग मोकळा राहतो. ज्याला आधी पोटाची व्यवस्था करायची आहे त्याने नोकरी धरून प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा. धर्मानंदांसारखी उडी मारायला मी कोणालाही सांगणार नाही, कारण आपल्या घरी मागे नारळाची बाग नाही.

आणखी एक. दहावी-बारावीच्या मंडळाच्या विषयांच्या यादीत पाली आहे. पण यादीत असणे वेगळे आणि शाळेत शिकवणारा असणे वेगळे. मुले मागत नाहीत म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून मुले मागत नाहीत. प्रवेशाच्या वेळी दहा पालकांनी एकत्र जाऊन मुख्याध्यापकांना लेखी मागणी दिली तर निदान ती कागदावर राहते.

विद्यापीठात चौकशीला जायचे असेल तर शिरूरहून सकाळची एस.टी. आणि दौंडहून सकाळची गाडी धरावी. मुलाला किंवा मुलीला एकटे पाठवू नका, आई-वडिलांपैकी एकाने सोबत जावे. तिथे फी किती हे विचाराल तेव्हा हेही विचारा, की मागच्या पाच वर्षांत शिकून गेलेली मुले आज कुठे काय करतात. जमल्यास त्यांतल्या एकदोघांचा पत्ता मागून घ्या आणि त्यांच्याशी बोलून मग घरी बसून ठरवा.